वैध आहे, पण बरोबर आहे का?



मागच्या श्रावणात पुण्याहून पुतणीचा फोन आला. "काका, चाळीस पानं आहेत. तेवढं मराठी तपासून द्याल का? सोमवारी छपाईला जायचंय." मराठीच्या निवृत्त मास्तराला असे फोन नवे नाहीत. लग्नपत्रिका, मानपत्रं, श्रद्धांजलीचे फलक असं काय काय दारात येत असतं. मी म्हटलं, पाठव.

आता ही पुतणी करते काय, हे आमच्या घरात अजून निम्म्या लोकांना नीट सांगता येत नाही. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं सांगितलं की भागतं. खरं म्हणजे ती यंत्रासोबत खोक्यात येणारी माहितीपुस्तकं लिहिते, म्हणजे जी आपण कुणी वाचत नाही ती. तिची कंपनी फवारणीचे पंप बनवते, पाठीवर अडकवायचे. तोच पंप, जो ऑगस्ट महिन्यात लातूर-नांदेडच्या सोयाबीनच्या रानात दर चार पावलांवर कुणाच्या तरी पाठीवर दिसतो.

वजिराबादेतल्या झेरॉक्सच्या दुकानातून मी ती चाळीस पानं छापून आणली. पडद्यावर मला चूक दिसत नाही, कागदावर दिसते. हातात लाल पेन घेतलं आणि पहिल्याच पानावर थबकलो. 'वार्याच्या दिशेने तोंड करून फवारू नये.' वार्याच्या? पुढे 'दुसर्या दिवशी', 'फवारणार्याने'. जिथे जिथे आपला तो अर्धा आडवा र यायला हवा, तिथे तिथे डोक्यावर रफार. मग एका पानावर चौकटीत ठळक 'चेतावनी', तर पुढच्या प्रकरणात त्याच चौकटीवर इंग्रजी शब्द. कुठे 'तक्ता ३मध्ये पाहा'. शेवटच्या पानावर तर एक आख्खी ओळ नुसत्या बारीक जाळीच्या खुणांची, अक्षर एकही नाही.

मी फोन लावला. म्हटलं, बाई गं, हे अनुवाद करणाऱ्यानं कसं काय लिहिलंय? ती म्हणाली, "काका, अनुवाद चांगला आहे. मूळ फाईल मी पाहिलीय. आणि फाईल व्हॅलिड आहे, मशीननं पास केलीय. गडबड बाहेर पडताना होतेय."

'बाहेर पडताना' हे प्रकरण काय आहे ते समजून घ्यायला मला चार-पाच दिवस लागले. पण समजल्यावर वाटलं, हे आपल्या मंडळींना सांगायलाच हवं. कारण वरवर हे कॉम्प्युटरचं दुखणं दिसत असलं तरी आत बघितलं तर ते मराठीचं आहे, आणि त्याहूनही आत बघितलं तर माणसांच्या जिवाचं आहे.

तुम्हांला शाळेतलं 'व्याकरण चालवा' आठवतंय का? वाक्य द्यायचं आणि प्रत्येक शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती लिहायला लावायची. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. त्याच्या आधीपासून मराठी मुलं हे करत आलीत आणि कंटाळत आलीत. एक्सएमएल म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, आख्ख्या पुस्तकाचं व्याकरण चालवणं. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावायची की हा कोण आहे. हे प्रकरणाचं नाव, ही पायरी, हा तक्ता, हा धोक्याचा इशारा, ही साधी टीप. अक्षर केवढं, रंग कुठला, ठळक की तिरपं, यातलं काहीही तिथे लिहायचं नाही. ते सगळं वेगळ्या फाईलीत. तिला स्टाइलशीट म्हणतात. 'इशारा दिसला की त्याला लाल चौकट कर आणि वर मोठ्या अक्षरात शीर्षक घाल' असे हुकूम त्या स्टाइलशीटमध्ये असतात. एकच मजकूर, पण एक स्टाइलशीट लावली की छापील पुस्तक, दुसरी लावली की मोबाइलवरचं पान, तिसरी लावली की एका पानाचा तक्ता.

कल्पना जुनी आहे. १९८६ साली एसजीएमएल या नावानं आंतरराष्ट्रीय मानक झालं, त्याचं सुटसुटीत रूप म्हणजे एक्सएमएल, ते १० फेब्रुवारी १९९८ ला पक्कं झालं. तांत्रिक पुस्तकांसाठी डॉकबुक नावाची चिठ्ठ्यांची एक ठरलेली यादी आहे, ती १९९१ पासूनची. पुतणीकडे तीच वापरतात. या डॉकबुकमध्ये सावध करण्यासाठी एक नाही, कितीतरी वेगवेगळ्या चिठ्ठ्या आहेत. नुसती टीप वेगळी, उपयुक्त युक्ती वेगळी, महत्त्वाचं वेगळं, जपून वेगळं आणि धोका वेगळा. मला हे फार आवडलं. आपण बोलताना आवाज चढवून जे करतो, ते इथे नाव देऊन करायचं.

आता चुका कुठून आल्या ते सांगतो. एकेक करून आम्ही दोघांनी फोनवर शोधल्या. ती तिकडे फाईल उघडून, मी इकडे लाल पेन घेऊन.

पहिली 'वार्याच्या'ची. आपला 'ऱ्य' कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत साध्या र ला हलन्त देऊन त्याच्यापुढे एक न दिसणारी खूण घालतात, म्हणजे रफार न होता आडवा र होतो. दुसऱ्या तऱ्हेत नुक्तावाला ऱ वापरायचा, मग त्या अदृश्य खुणेची गरज पडत नाही. अनुवाद करणाऱ्यानं पहिली तऱ्हा वापरली होती. तिच्याकडे मजकूर आत घेताना एक प्रोग्राम चालतो, तो 'फालतू अदृश्य अक्षरं' झाडून काढतो. इंग्रजीत ती खरोखरच फालतू असतात. मराठीत त्यानं केर समजून आमचा र झाडला! दऱ्याखोऱ्यांतल्या 'दऱ्या' आणि समुद्र म्हणजे 'दर्या', आचाऱ्यांना वाढलेलं जेवण आणि आचार्यांना वाढलेलं जेवण, यांत फरक आहे की नाही? तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो माहीत असण्याचं कारण नव्हतं. आणि ज्याला माहीत होता त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी 'चेतावनी'ची. चौकटीवरचं शीर्षक अनुवादकानं लिहिलेलं नसतंच. ते स्टाइलशीट स्वतः घालते, फाईल कुठल्या भाषेची आहे ते बघून. फाईलीच्या कपाळावर भाषेची एक खूण असते, मराठीला 'एमआर', हिंदीला 'एचआय'. झालं असं की मराठी पुस्तकाची काही प्रकरणं हिंदीच्या फाईलीवर मराठी मजकूर चढवून केली होती, काही इंग्रजीच्या. आतला मजकूर बदलला, कपाळावरची खूण तशीच राहिली. स्टाइलशीट बिचारी हुकमाची ताबेदार. तिनं हिंदी समजून 'चेतावनी' छापलं. याच खुणेवरून काही फॉन्ट आपला मराठी वळणाचा ल आणि श उमटवतात, नाहीतर हिंदी वळणाचे. शासनानं या अक्षरांच्या वळणाबद्दल २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली निर्णय काढले. पण निर्णय काढून अक्षर वळत नाही, दोन अक्षरांची ती खूण कुणीतरी बरोबर घालावी लागते.

तिसरी गंमत 'तक्ता ३मध्ये'ची. लेखक फक्त 'इथे त्या तक्त्याचा उल्लेख कर' अशी चिठ्ठी ठेवतो, आणि 'तक्ता ३' हे शब्द यंत्र भरतं, म्हणजे मध्ये नवा तक्ता घातला तरी आकडे आपोआप सुधारतात. इंग्रजीला हे चालतं. पण मराठीत नाम विभक्तीला सामोरं जाताना रूप बदलतं. तक्ता, पण तक्त्यात. पायरी, पण पायऱ्यांमध्ये. यंत्राला सामान्यरूप येत नाही. मी तिला सांगितलं, यंत्राला शिकवत बसू नकोस, वाक्यच असं कर की शब्द विभक्तीत जाणारच नाही. 'पाहा : तक्ता ३'. झालं. चाळीस वर्षं मुलांच्या डोक्यात सामान्यरूप भरवणाऱ्या मास्तरानं शेवटी त्याला बगल द्यायची युक्ती सांगावी, याचं हसू आलं.

चौथी जाळीच्या खुणांची. छापील पान तयार करणाऱ्या प्रोग्रामला, त्याचं नाव अपाची एफओपी, सांगितलेल्या फॉन्टात ते अक्षर सापडलं नाही की तो तिथे जाळी काढून मोकळा होतो. शेवटच्या पानाच्या तळटीपेला देवनागरी फॉन्ट नेमूनच दिलेला नव्हता. हा प्रोग्राम २०१२ सालच्या आवृत्तीपर्यंत तर देवनागरी जोडाक्षरं नीट मांडतच नव्हता, 'कि' मधली वेलांटी क च्या मागे जाऊन बसायची. आता येतं, पण फॉन्ट सांगावा लागतो. या चूकीचा एक गुण म्हणजे ती निदान दिसते. ज्याला मराठी येत नाही त्यालाही जाळी दिसते.

जी दिसत नाही ती पाचवी. आणि हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यासाठी.

या पुस्तकासोबत एक वेगळं पान निघतं. मेणकागदात घालून पंपाच्या टाकीला बांधतात. त्यावर फक्त धोक्याचे इशारे. हे पान कुणी लिहीत नाही. स्टाइलशीट पुस्तकभर फिरते, जिथे जिथे 'धोका' अशी चिठ्ठी आहे तो तो मजकूर उचलते आणि एका पानावर मांडते. चाळीस पानांचं पुस्तक रानात कोण नेणार? पान मात्र पंपाबरोबर जातं. मी ते वाचलं. रिकाम्या पोटी फवारू नका, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, हातमोजे घाला, विडी-तंबाखू नको, पंप विहिरीवर धुऊ नका. सगळं नीट होतं. पण मला एक ओळ हवी होती, ती सापडेना. चोंदलेलं नोझल तोंडानं फुंकू नका. पुस्तकात पाहिलं, तेविसाव्या पानावर ठळक अक्षरात होती. पानावर नव्हती.

मी तिला इंग्रजी पुस्तकातले इशारे मोजायला सांगितले. अकरा. मराठीत दहा.

कारण फार साधं निघालं. अनुवादकाला त्या प्रकरणाची फाईल उघडता आली नाही, म्हणून त्यानं नेहमीच्या लिहायच्या प्रोग्राममध्ये मराठी करून दिलं. तिथे चिठ्ठ्या नसतात, म्हणून इशारा आहे हे कळावं या चांगल्या हेतूनं त्यानं ती ओळ ठळक केली. ऑफिसात कुणीतरी ती तशीच चिकटवली. आता यंत्राच्या लेखी तो इशारा राहिला नाही, तो ठळक अक्षरातला एक साधा परिच्छेद झाला. पुस्तकात डोळ्याला तो इशाऱ्यासारखा दिसला, पण पानासाठी इशारे गोळा करणाऱ्या स्टाइलशीटला दिसला नाही. फाईल वैध. प्रोग्रामनं एकही तक्रार केली नाही. कारण ठळक परिच्छेद लिहिणं काही गुन्हा नाही.

मी ती ओळ का शोधत होतो, हे घरच्या जुन्या मंडळींना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पुतणीचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, शेती बघायचा. अहमदपूरकडचं आमचं रान. फवारताना नोझल अडकलं की काढायचं, तोंडाला लावायचं, फुंकायचं, पुन्हा बसवायचं. सगळेच तसं करायचे. एकदा संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. रात्रीतून लातूरला नेला. वाचला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला होता, तोंड लावलं होतं का? ही पोर तेव्हा दुसरीत होती आणि दवाखान्याच्या बाकावर माझ्या मांडीवर झोपली होती.

तेविसाव्या पानाचं मी सांगितलं तेव्हा ती फोनवर थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, सोमवारचं पुढे ढकलते."

आता माझं मत.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्याची कारणं अनेक होती, आणि एखादं पान त्यांच्या पंपाला बांधलेलं असतं तर ते वाचले असते असं म्हणण्याचा आचरटपणा मी करणार नाही. पण विषाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, आणि आत प्रादेशिक भाषेतलं माहितीपत्रक घालावं लागतं, हे नियम कुणीतरी विचार करूनच केलेत ना? ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यापर्यंत धोका त्याच्या भाषेत पोचावा म्हणून. मग ती भाषा डब्यात गेली की काम झालं, असं कसं म्हणता येईल? ती वाचता आली पाहिजे. आणि धोका धोक्यासारखा पोचला पाहिजे.

माझं पहिलं म्हणणं असं की, मजकूर 'कसा दिसतो' यापेक्षा 'कोण आहे' हे आधी लिहिण्याची शिस्त ही काही इंजिनिअरांची हौस नाही. ती वाचणाऱ्याबद्दलची जबाबदारी आहे. ठळक करणं सोपं असतं. ठळक केलं की आपल्याला समाधान वाटतं, आपण सांगितलं बुवा. पण ठळकपणा त्या एका कागदापुरता. उद्या तोच मजकूर मोबाइलवर गेला, कुणा निरक्षर बाईला यंत्रानं मोठ्यानं वाचून दाखवला, तर ठळक अक्षराचा आवाज कसा निघणार? 'हा धोका आहे' अशी चिठ्ठी असेल तर यंत्र आधी 'सावधान' म्हणेल आणि मग वाचेल.

दुसरं, तपासणी निघालेल्या पानाची व्हावी, आतल्या फाईलीची नव्हे. मी वर सांगितलेल्या पाच चुकांपैकी एकही मूळ अनुवादात नव्हती. अनुवादक निर्दोष, प्रोग्राम समाधानी, आणि पान सदोष. उत्तरपत्रिकेत सगळे प्रश्न सोडवलेत, समास सोडलाय, शीर्षकाखाली दोन रेघा मारल्यात, म्हणून मी कधी पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. यंत्र देतं. त्याला तेवढंच बघायला सांगितलेलं असतं. वैध म्हणजे चिठ्ठ्या नियमाप्रमाणे लावल्यात. बरोबर म्हणजे ज्याला जी लावायला हवी तीच लावलीय. यातलं दुसरं काम वाचता येणाऱ्या माणसाचंच.

तिसरं, आणि हे मला जरा टोचून सांगायचंय. मराठी आवृत्ती नेहमी शेवटी का? इंग्रजीला तीन महिने, हिंदीला पंधरा दिवस, मराठीला शुक्रवार ते सोमवार. वर हिंदीच्याच फाईलीवर चढवून. आणि तो पंप विकला जाणार कुठे? उदगीर, मुखेड, कंधार, औसा. वाचणारे जास्त मराठीत आणि वेळ सगळ्यांत कमी मराठीला, हा हिशेब मला कळत नाही. साधनं नाहीत असंही म्हणता येत नाही. डॉकबुकच्या स्टाइलशीटांबरोबर मराठी शीर्षकांची यादी तयार मिळते, मोफत देवनागरी फॉन्ट मिळतात. पुण्यात बसून रेड हॅटमधल्या आणि इतर मंडळींनी लिनक्स मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षं खपून अशी बरीच पायवाट पाडून ठेवलीय. तिच्यावरून चालायचं तेवढं बाकी आहे.

यावर आमच्या इथले डीटीपीवाले एक मित्र म्हणाले, गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? मला द्या, पेजमेकरमध्ये एका दिवसात चाळीस पानं लावून देतो, एक रफार चुकणार नाही. खरं आहे त्यांचं. त्यांच्या हातचं पान देखणं असतं आणि त्यात 'वार्याच्या' येणार नाही, कारण ते स्वतः वाचतात. पत्रिका असेल, स्मरणिका असेल, तर मीही त्यांच्याकडेच जाईन. पण पुढच्या वर्षी पंपाचं मॉडेल बदलेल, तीन पानं बदलतील, सात भाषांत बदलतील, छापील आणि मोबाइल दोन्हीकडे बदलतील. तेव्हा हातानं लावलेलं पान पुन्हा पहिल्यापासून. शिवाय त्यांचा मजकूर जुन्या फॉन्टात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

मला तर ते बघून माहूरची आठवण येते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. मराठीच, पण किल्लीशिवाय वाचता न येणारी. राजवाड्यांनी ती किल्ली शोधेपर्यंत बाहेरच्या जगाला त्या पोथ्या मुक्या होत्या. त्यांनी तरी जाणूनबुजून, पंथाचं धन जपायला तसं केलं. आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत जुन्या फॉन्टांत जे काही टंकून ठेवलंय, ती आपली नकळत झालेली सकळ लिपी आहे, आणि तिच्या किल्ल्या एकेक करून हरवत चालल्यात. म्हणून माझा कौल युनिकोडमधल्या, चिठ्ठ्या लावलेल्या, साध्या फाईलीला. फक्त अट एकच. शेवटी मित्रासारखा एक वाचणारा माणूस हवा. यंत्राची शिस्त आणि डीटीपीवाल्याची नजर यांतलं एक निवडा असं कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक. दुरुस्त केलेलं ते पान छापायला जाण्याआधी मी गावी नेलं. आमचं रान जो बटईनं करतो त्याच्या हातात दिलं. त्यानं बोट ठेवत ठेवत वाचलं आणि नोझलच्या ओळीवर अडला. म्हणाला, "गुरुजी, चोंदलेलं कोण म्हणतंय? नोझल जाम होतंय." त्याची बायको चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "आन् फुंकू नका म्हन्लाव, मंग काढायचं कशानं ते लिव्हा की." दोघांचंही बरोबर होतं. कशानं काढायचं ते पुस्तकात सव्विसाव्या पानावर होतं, बारीक ब्रश आणि पाणी. पण पंपाला बांधलेल्या पानावर नव्हतं. 'करू नका' सांगितलं आणि 'काय करा' सांगितलं नाही तर माणूस जे रोज करतो तेच करणार.

मी पुतणीला कळवलं. तिनं ती ओळ बदलली : 'नोझल जाम झाल्यास तोंडाने फुंकू नका. पाणी व बारीक ब्रशने साफ करा.' आणि दोन्ही वाक्यं एकाच इशाऱ्याच्या चिठ्ठीत घातली, म्हणजे जिथे जातील तिथे जोडीनं जातील. आता दर आवृत्तीत इंग्रजी आणि मराठी इशाऱ्यांची संख्या जुळते की नाही हे मोजणारी एक छोटी तपासणीही तिनं बसवलीय. जुळली नाही तर पुस्तक बाहेरच पडत नाही. मला हे ऐकून बरं वाटलं. मोजणं यंत्राचं काम, ते यंत्राला द्यावं. वाचणं आपलं.

पुस्तक पंधरा दिवस उशिरा गेलं. तिला वरून बोलणी बसली असणार, ती सांगत नाही. पोळ्याच्या सुमारास एक छापील पान तिनं मला आणि एक तिच्या वडलांना पाठवलं. भाऊ आता शेतात जात नाही, गुडघे दुखतात. त्यानं चष्मा लावून सगळे अकरा इशारे वाचले. नोझलच्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे बरं लिहिलंय."

तुमच्या घरात असं एखादं पुस्तक पडलं असेल. पंपाचं, मिक्सरचं, गॅसच्या शेगडीचं. एकदा काढून त्याचं मराठी वाचा. चूक दिसली तर कंपनीला कळवा, आळस करू नका. आपण वाचतो हे त्यांना कळल्याशिवाय ते तपासणार नाहीत.

असो. बराच लांबला लेख. मास्तरकीची सवय, दुसरं काय!